गुत्ता कोणाच्या संमतीने?

दारूबंदी म्हटली की मद्यप्यास केलेला उपदेशच आपल्या मनात येतो. परंतु या चळवळीतील खरा झगडा परवान्याचा आहे. वस्तीत गुत्ता असावा की नसावा, हे कोणी ठरवावे?

पुणे नगरपालिकेचे सभासद असता जोतीराव फुले यांनी १८८० साली हा प्रश्न उपस्थित केला. शहरात दारूच्या दुकानांस परवानगी देण्याविरुद्ध त्यांनी नगरपालिकेस पत्र लिहिले. पुढे पंडिता रमाबाईंनी अमेरिकेतील स्त्रियांची मद्यपानविरोधी संघटना प्रत्यक्ष पाहिली व १८८९ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या मराठी ग्रंथात तिची हकीकत दिली.

आमचा नांदेड-लातूरचा मुलूख त्या काळी निजामाच्या राज्यात होता. शिंदी व दारू यांवरील अबकारी ही त्या सरकारच्या उत्पन्नाची मोठी बाब. ज्या झऱ्यावर खजिना भरतो, तो सरकार आपण होऊन कसा बुजवील? मुंबई राज्याचा १९४९ चा दारूबंदीचा कायदा मराठवाड्यास १९५९ साली लागू झाला खरा. पण पुढे बंदी सैल होत गेली व परवान्याची दुकाने आली.

स्त्रियांनी मात्र हा प्रश्न सोडला नाही. चंद्रपूर जिल्ह्यातील हजारो स्त्रिया २०१० साली चिमूरहून नागपुरास पायी गेल्या. तेथे २०१५ साली बंदी झाली आणि २०२१ साली उठली. कारणे सांगताना बुडालेल्या महसुलाचाही उल्लेख झाला, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

दुसरा मार्ग मतदानाचा. शासनाच्या २००८ च्या आदेशाने गावातील वा प्रभागातील स्त्रियांस गुप्त मतदान मागता येऊ लागले. मतपत्रिकेवर दोन चित्रे: उभी बाटली म्हणजे दुकान राहावे, आडवी म्हणजे बंद व्हावे. येथे थोडे गणित करू. यादीत १००० स्त्रिया असतील, तर आडव्या बाटलीस ५०१ मते हवीत. कारण निम्म्याहून अधिक मते एकूण यादीच्या मानाने मोजावयाची, पडलेल्या मतांच्या मानाने नव्हे. समजा, ५०० जणी आल्या आणि झाडून साऱ्यांनी आडव्या बाटलीस मत दिले. तरी गुत्ता कायम! आमच्याकडील कितीएक बाया हिवाळ्यात ऊसतोडीस परमुलखी जातात. अशी बाई यादीत असते, रांगेत नसते. आणि तिचे न पडलेले मत दुकानदाराच्या पदरात पडते.