जत्रेतील दालनात गोधडीचे प्रात्यक्षिक

हस्तकलेचे प्रदर्शन आणि हस्तकलेचे प्रात्यक्षिक या दोन गोष्टी आपण पुष्कळदा एकच मानतो. प्रदर्शनात तयार वस्तू दिसते. प्रात्यक्षिकात ती वस्तू होताना दिसावी लागते. गोधडीच्या बाबतीत हा फरक फार महत्त्वाचा आहे. दोरीवर टांगलेली गोधडी पाहून लोक रंगांचे कौतुक करतात, भाव विचारतात आणि "जुन्या चिंध्यांचे एवढे पैसे?" असे म्हणून पुढे जातात. गोधडीत खरे मोल ज्याचे आहे ते श्रम आणि ती निवड पूर्ण झालेल्या गोधडीत दडून जाते. ती उघड करून दाखवणे हेच प्रात्यक्षिकाचे काम होय. ते कसे करावे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

गोधडीची घडण

आपल्याकडे कुठे गोधडी, तर कुठे वाकळ म्हणतात. लहान मुलाचे ते दुपटे. बंगालमधील कांथा, बिहारमधील सुजनी, सिंधमधील रल्ली ही याच कुळातील भावंडे. तत्त्व सर्वत्र एकच आहे. वापरून मऊ झालेल्या कापडांचे थर एकावर एक घालायचे आणि धावदोऱ्याने ते एकजीव करायचे. थरांमध्ये हवा कोंडून राहते म्हणून ऊब मिळते. जवळजवळ घातलेले टाके थरांना सरकू देत नाहीत, आणि ओढ एका जागी न पडता सगळीकडे वाटली जाते. म्हणूनच एकटे असताना हाताने फाटेल असे जीर्ण लुगडे गोधडीत आणखी कित्येक वर्षे टिकते.

मराठी मनात गोधडीशी दारिद्र्य जोडलेले आहे, तशी विरक्तीही. ठिगळांचे वस्त्र पांघरणाऱ्या गाडगेबाबांना लोक 'गोधडे महाराज' म्हणत, हे आपण जाणतोच. परंतु या दोन्ही कल्पनांच्या आड एक साधी गोष्ट राहून जाते. गोधडी शिवणे हे एक कौशल्य आहे आणि ते शिकावे लागते.

दालनात काय असावे

तयार गोधड्यांचा ढीग मांडण्यापेक्षा एकाच कामाच्या तीन अवस्था मांडाव्यात. पहिली, थर अंथरून कच्चे टाके घातलेली. दुसरी, निम्मी शिवलेली. तिसरी, अनेकदा धुतलेली जुनी गोधडी, जिचा एक कोपरा उसवून आतील थर मोकळे ठेवले आहेत. प्रेक्षकांची बोटे या उसवलेल्या कोपऱ्याकडे आपोआप वळतात. आत धोतर आहे, सदऱ्याची पाठ आहे, चादरीचा तुकडा आहे, हे कळल्यावर तो आपणहून प्रश्न विचारू लागतो.

बैठकीचाही विचार करावा. घरी गोधडी जमिनीवर पसरून, तिच्यावरच बसून शिवतात. जत्रेत मात्र शिवणारी बाई खाली आणि पाहणारे उभे, असे झाले की पाहणाऱ्याला फक्त तिचे डोके दिसते; शिवाय वरून खाली पाहण्यात मानाचाही प्रश्न येतो. तेव्हा गुडघाभर उंचीचा लाकडी ओटा करून त्यावर गोधडी पसरावी. उजव्या हाताने शिवणारीच्या डावीकडून उजेड यावा, म्हणजे हाताची सावली टाक्यावर पडत नाही.

अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यातील कुट्झटाऊन येथे १९५० साली तेथील जर्मन वंशाच्या लोकांच्या जीवनावरील एक लोकोत्सव सुरू झाला. तो सुरू करणारे शूमेकर, योडर व फ्राय हे तिघे एका महाविद्यालयातील अध्यापक होते, ही गोष्ट आपण ध्यानात घेण्याजोगी आहे. तेथील रजया लाकडी चौकटीवर ताणून शिवतात, त्यामुळे काम आपोआपच उंचीवर येते आणि चौकटीभोवती चारचौघींना बसता येते. आपल्या गोधडीला चौकट नसते. तिची गरज ओट्याने भागवावी.

शिकवण्याचा क्रम

पहिली पायरी कापडाच्या निवडीची. सुती कापडच घ्यावे. नायलॉन किंवा पॉलिस्टरचा थर घसरतो आणि घाम शोषत नाही. जाड शिवणी, गुंड्या, काजे कापून टाकावीत, नाहीतर सुई अडते आणि पांघरताना टोचते. कापडे आधी धुऊन घ्यावीत. एक थर पुढे आटला तर सगळी गोधडी चुरगळते.

दुसरी पायरी अंथरण्याची. खालचे लुगडे ताणून सपाट करावे, आतले तुकडे एकमेकांवर फार न चढवता कडेला कड भिडवून लावावेत, वर दुसरे लुगडे घालून हाताने मधून कडेकडे सुरकुत्या काढाव्यात. मग लांब कच्चे टाके.

तिसरी पायरी धावदोऱ्याची. जाड सुती दोरा, लांब सुई, बोटात अंगुस्तान. कडेपासून सुरुवात करून चौकोनी फेरे घेत मध्यावर येतात, किंवा सरळ ओळी घालतात. उत्तर कर्नाटकातील सिद्दी स्त्रियांची कवंदीही कडेपासून आत शिवली जाते. तिच्या कोपऱ्यांवर कापडाच्या घड्यांची 'फुले' लावतात.

शिवणारीने हे प्रथम न बोलता नेहमीच्या वेगाने करून दाखवावे, नंतर सावकाश आणि बोलत, आणि शेवटी सुई पाहणाऱ्याच्या हाती द्यावी. त्यासाठी वीतभर चौकोन तयार ठेवावेत. दहा टाके घातल्यावर त्याचे टाके वाकडे, लहानमोठे, दोरा ओढल्याने कापड गोळा झालेले. शेजारी शिवणारीची सरळ ओळ असतेच. याहून वेगळे भाषण लागत नाही. बोलणे तिचे तिच्या बोलीतच असू द्यावे. विद्यार्थ्याने त्याचे पुस्तकी भाषांतर करीत मध्ये उभे राहू नये.

वेळेचा हिशेब

दालनात एक फलक अवश्य लावावा, तो हिशेबाचा. समजा, गोधडी ५ फूट रुंद व ७ फूट लांब, म्हणजे ६० इंच आणि ८४ इंच आहे. ओळींत एक इंचाचे अंतर धरले तर ८४ इंचांच्या ६० ओळी होतात. एकूण शिवण ५,०४० इंच, म्हणजे ४२० फूट, सुमारे १२८ मीटर. इंचाला ४ टाके धरले तर २०,१६० टाके. मिनिटाला १५ टाक्यांचा वेग मानला तरी नुसत्या धावदोऱ्याला २२ तासांहून अधिक वेळ लागतो. ओळी अर्ध्या इंचावर घेतल्या की हाच काळ दुप्पट. कापडे निवडणे, धुणे, उसवणे, अंथरणे यांचा वेळ निराळाच.

हा फलक वाचून घासाघीस करणारा मनुष्य क्षणभर थांबतो. आपण मागत असलेली सूट कापडावर नसून कोणाच्या तरी तासांवर आहे, हे त्याला आकड्यांतून कळते. घरातल्या गोधडीचे हे तास आजवर कोणी मोजले नाहीत, कारण ते दुपारच्या 'रिकाम्या' वेळेत घातले गेले. ज्या कामाला वेळ लागतो असे कोणी मानलेच नाही, त्याला मोबदला तरी कसा मिळणार?

समारोप

येथे आपल्याही आचरणाचा प्रश्न येतो. महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनात किंवा गावच्या जत्रेत आपण असे दालन उभारले आणि शिवणाऱ्या बाईंना नारळ व गुलाबपुष्प देऊन निरोप दिला, तर आपणच लावलेला फलक खोटा ठरेल. वक्त्याला मानधन आणि मंडपवाल्याला बिल मिळते, तसे त्यांना दिवसाचे मानधन मिळाले पाहिजे. ते आधी ठरवावे आणि दालनाच्या खर्चाच्या अंदाजपत्रकात त्याची रक्कम पहिल्या ओळीत लिहावी.