दोन स्वस्त कार्डं की एक बरं कार्ड? वरठीत गेमिंग रूम टाकण्याआधीचा हिशेब



"भाऊ, दोन जुनी ग्राफिक्स कार्डं एकाच पीसीत लावली तर स्वस्तात डबल स्पीड मिळेल ना?" गेमिंग रूम किंवा पीसी असेंब्लीचा विषय निघाला की हा प्रश्न येतोच. वरून प्रश्न तांत्रिक वाटतो, पण खरा प्रश्न भांडवलाचा आहे. धान विकून आलेले किंवा वडिलांच्या पीएफमधून काढलेले दीड-दोन लाख रुपये तुम्ही यात घालणार असाल, तर हा लेख शेवटपर्यंत वाचा. वही-पेन जवळ ठेवा.

उदाहरण वरठीचं का?

वरठी मोहाडी तालुक्यात आहे. भंडारा रोड रेल्वे स्टेशन इथेच, मुंबई–हावडा मार्गावर. सनफ्लॅगचा पोलाद कारखानाही इथेच. म्हणजे गावात पगारदार माणूस आहे, शिफ्ट सुटल्यावर वेळ असलेला तरुण आहे आणि स्टेशनमुळे ये-जा आहे. पण भंडारा शहर हाकेच्या अंतरावर आणि नागपूर रेल्वेने साधारण तासाभरावर. ग्राहकाला तुमच्याकडे नाही आवडलं तर तो गाडीत बसून जाऊ शकतो. अशा ठिकाणी चार मशीनची छोटी गेमिंग रूम टाकायची, तर प्रत्येक हजार रुपयाला हिशेब विचारावाच लागतो.

दोन कार्डांची कल्पना आली कुठून?

कल्पना खोटी नव्हती. १९९८ मध्ये थ्रीडीएफएक्स कंपनीच्या वूडू-२ कार्डांची जोडी लावता यायची. एक कार्ड चित्रातल्या एकाआड एक ओळी काढायचं, दुसरं उरलेल्या. पुढे एनव्हिडियाने त्या कंपनीची मालमत्ता घेतली आणि २००४ मध्ये स्वतःचं एसएलआय तंत्र आणलं. २००५ मध्ये एटीआयने क्रॉसफायर आणलं. ही कंपनी २००६ मध्ये एएमडीकडे गेली. त्या काळात आज एक मध्यम कार्ड घ्यायचं आणि वर्षभराने तसंच दुसरं स्वस्तात जोडायचं, असा विचार बरेच गेमर करायचे. आज युट्यूबवर दिसणारे अनेक जुने व्हिडिओ त्याच काळातले आहेत. व्हिडिओ बघताना आधी तारीख बघा!

मग ते बंद का पडलं?

साधं उदाहरण घेऊ. दोन बाया दोन चुलींवर आळीपाळीने भाकरी करताहेत. पहिली भाकरी एकीची, दुसरी दुसरीची. काम लवकर होतं. दोन कार्डं बहुतेक वेळा अशीच चालायची: एक फ्रेम याची, पुढची त्याची. पण यात तीन अडचणी आहेत.

१. मेमरीची बेरीज होत नाही. दोन लहान तव्यांवर एक मोठी भाकरी भाजता येत नाही. ४ जीबीची दोन कार्डं म्हणजे ८ जीबी नाही. दोन्ही कार्डांना तोच माल आपापल्या मेमरीत ठेवावा लागतो, म्हणून खेळाला मिळतात ४ जीबीच.

२. फ्रेम समान अंतराने येत नाहीत. मीटरवर ७० फ्रेम दिसतात, पण डोळ्याला झटके जाणवतात. ग्राहक मीटर बघत नाही, त्याला झटका दिसतो.

३. खेळाने साथ द्यावी लागते. आजचे बरेच खेळ पुढची फ्रेम काढताना आधीच्या फ्रेमची माहिती वापरतात. ती माहिती दुसऱ्या कार्डाकडे असली की सगळं अडतं. त्यामुळे खेळ बनवणाऱ्यांनी हा नाद सोडला.

कंपन्यांनीही हात काढून घेतला. २०१६ च्या जीटीएक्स १०६० ला एसएलआयची सोयच नव्हती. २०२० च्या मालिकेत ती फक्त सर्वांत महागड्या आरटीएक्स ३०९० ला उरली. १ जानेवारी २०२१ पासून जुन्या कार्डांसाठी नवी एसएलआय प्रोफाइल बनवणं एनव्हिडियाने थांबवलं. म्हणजे ज्या बजेट गेमरला दोन कार्डांची गरज वाटते, त्याच्याच किमतीच्या कार्डांतून ही सोय आधी गेली.

आता वही उघडा

एक जोडी घेऊ. २०१७ चं आरएक्स ५७० कार्ड, १५० वॅट. ते क्रॉसफायरमध्ये चालतं. समोर २०२१ चं आरएक्स ६६००, ८ जीबी, १३२ वॅट. खालच्या किमती फक्त हिशेबासाठी धरल्या आहेत. तुम्ही नागपूरला सीताबर्डीत किंवा ऑनलाइन भाव काढून तिथे आजचे आकडे टाका.

दोन कार्डांचा मार्ग (एका मशीनला):
- दोन जुनी कार्डं, प्रत्येकी ६,००० – १२,००० रुपये
- दोन स्लॉटच्या मदरबोर्डचा जादा खर्च – ४,००० रुपये
- मोठ्या पॉवर सप्लायचा जादा खर्च – ३,००० रुपये
- मोठी कॅबिनेट आणि पंखे – २,००० रुपये
- एकूण – २१,००० रुपये

एका कार्डाचा मार्ग:
- एक नवं कार्ड, वॉरंटीसह – २०,००० रुपये
- बाकी सगळं साधं चालतं.

बघितलंत? "स्वस्त" मार्ग हजार रुपयांनी महाग पडला, आणि वॉरंटीही गेली.

आता वीज. दोन कार्डं मिळून ३०० वॅट, एक कार्ड १३२ वॅट. फरक १६८ वॅट. रोज ८ तास, महिन्याला २६ दिवस धरले तर एका मशीनमागे साधारण ३५ युनिट. चार मशीनचे १४० युनिट. युनिटचा दर हिशेबाला १२ रुपये धरला तर महिन्याला १,६८० रुपये. तासाला ४० रुपये घेत असाल, तर महिन्यातले ४२ तास फक्त हा फरक भरण्यासाठी मशीन चालवायची!

कोणी म्हणेल, "खेळ दुसरं कार्ड वापरतच नसेल तर वीज कुठे जाते?" बरोबर, मग वीज वाचेल. पण मग ते कार्ड घेतलंच कशाला?

आणखी दोन गोष्टी आपल्या भागाच्या. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४४-४५ ला जातो. छोट्या खोलीत चार मशीन आणि आठ कार्डं म्हणजे आठ शेगड्या. दुसरं म्हणजे लाइट जाणं. बाजारात मिळणारा साधा ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटपर्यंतच भार घेतो. दोन कार्डांची मशीन त्यावर खेळताना टिकणार नाही. यूपीएसही मोठा घ्या, म्हणजे खर्च पुन्हा वाढला.

मग दोन कार्डं कुठेच चालत नाहीत का?

चालतात, पण काम ओळखून.

ब्लेंडरसारख्या सॉफ्टवेअरमध्ये थ्रीडी रेंडरिंग करताना दोन कार्डं काम वाटून घेतात आणि वेळ खरंच वाचतो. तिथे एसएलआयची गरज नसते. तुम्ही आर्किटेक्टसाठी घराचे थ्रीडी व्ह्यू बनवून देत असाल, तर दुसरं कार्ड ही कमाईची गुंतवणूक आहे.

दुसरा प्रकार हौशी गेमरचा. लॉसलेस स्केलिंग नावाचं एक विकत मिळणारं सॉफ्टवेअर आहे. त्यात मुख्य कार्ड खेळ चालवतं आणि दुसरं लहान कार्ड मधल्या फ्रेम तयार करतं. मॉनिटरची केबल सहसा दुसऱ्या कार्डाला लावतात. चित्र मऊ दिसतं. पण या फ्रेम बनवलेल्या असतात. माऊस दाबल्यावर खेळ लवकर ऐकत नाही. व्हॅलोरंट किंवा काउंटर-स्ट्राइकसारख्या नेमबाजीच्या खेळात ग्राहक त्यावर खूश होणार नाही. शिवाय स्वस्त मदरबोर्डचा दुसरा स्लॉट दिसायला लांब असला तरी अनेकदा आतून चारच लेनचा किंवा त्याहून कमी असतो. घरी जुनं कार्ड पडून असेल तर प्रयोग करा. धंद्याचं भांडवल त्यात घालू नका.

जुनं कार्ड घ्यायचंच असेल तर

सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमचं कार्डांवरचं मायनिंग बंद झालं आणि रात्रंदिवस राबलेली कार्डं जुन्या बाजारात आली. म्हणून:

- पैसे देण्याआधी जीपीयू-झेड चालवून बघा. ओळखता येणाऱ्या नकली कार्डाच्या नावाआधी ते इंग्रजीत "फेक" असं दाखवतं.
- किमान अर्धा तास भार देऊन चालवा. पडद्यावर ठिपके-पट्टे येतात का, तापमान किती चढतं, पंखा खरखरतो का, ते बघा.
- बिल आणि सिरियल नंबर जुळवा. वॉरंटी शिल्लक आहे का विचारा.
- विकणारा "आधी पैसे पाठवा" म्हणत असेल तर हात जोडा आणि निघा.

ग्राहकाला काय सांगाल?

असेंब्लीचा धंदा करणाऱ्यांनी हे पाठच करा. ग्राहक दोन कार्डं मागायला येतो, तेव्हा त्याला "तुला काही कळत नाही" असं म्हणू नका. विचारा, "भाऊ, कोणता खेळ खेळणार? मॉनिटर किती हर्ट्झचा आहे?" मॉनिटर ६० हर्ट्झचा असेल तर सेकंदाला ६० च्या वरच्या फ्रेम पूर्ण दिसणारच नाहीत. वाचलेले पैसे एसएसडीत, चांगल्या पॉवर सप्लायमध्ये टाकायला सांगा. आणि दोनचीच हौस असेल तर रॅमच्या दोन स्टिक लावून द्या. १६ जीबीची एक लावण्यापेक्षा ८-८ च्या दोन लावल्या की दोन्ही मार्ग उघडतात आणि खेळाला खरंच फायदा होतो.

आज दोन कार्डं विकली तर दोन हजार जास्त सुटतील. पण वरठीसारख्या गावात नाराज ग्राहक रोज स्टेशनवर भेटतो, आणि तिथे उभ्या दहा जणांना सांगतो.

आजचा गृहपाठ

१. वरचा तक्ता वहीत काढा आणि आजचे भाव स्वतः विचारून भरा.
२. ओळखीतल्या दहा खेळणाऱ्यांना विचारा: कोणता खेळ, कोणत्या वेळी, तासाला किती देणार?
३. खर्चाच्या फरकाला तुमच्या तासाच्या दराने भागा. जेवढे तास येतील, तेवढे तास तुमची खुर्ची भरणार आहे का?
४. उद्यम नोंदणी करून ठेवा. सरकारी पोर्टलवर ती मोफत आहे. त्यासाठी कुणाला पैसे देऊ नका.

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर "नाही" आलं, तर खर्च कमी करा आणि पुन्हा मांडा. वहीत बसलेला हिशेबच दुकानात बसतो. भेटू पुढच्या धड्यात!