बागोरची तांब्याची बाणाग्रे



इतिहासाच्या तासाला मी दरवर्षी फळ्यावर एक आडवी रेघ ओढतो. डावीकडून अश्मयुग, मग ताम्रयुग, मग लोहयुग. एक संपले की दुसरे सुरू. मागच्या चाचणीत मी विचारले होते, ‘हडप्पाची नगरे भरभराटीला आली तेव्हा अश्मयुग संपले होते का?’ एका कॅडेटने लिहिले, ‘सगळीकडे नाही.’ मी लाल फुली मारली. तो काही बोलला नाही, पण पेपर घडी घालून खिशात ठेवतानाचा त्याचा चेहरा मला विसरता येईना. म्हणून ग्रंथालयात जाऊन ते उत्तर पुन्हा तपासले. चूक माझीच निघाली. ती कशी, ते सांगतो.

राजस्थानात भिलवाडा जिल्ह्यात कोठारी नदीच्या काठी बागोर हे गाव आहे. गावाजवळ वाऱ्याने साठलेल्या वाळूची एक टेकडी आहे, तिला महासती म्हणतात. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे प्रा. वीरेंद्रनाथ मिश्र यांनी १९६८ ते १९७० या काळात तेथे उत्खनन केले. उत्खननाचा पहिला नियम सोपा आहे : थर विस्कटलेले नसतील, तर खालचे ते जुने आणि वरचे ते नवे.

बागोरच्या सर्वांत खालच्या थराचा काळ इ.स.पू. ५००० च्या सुमारास सुरू होतो. येथे गारगोटी आणि चर्ट या दगडांची अगणित सूक्ष्म हत्यारे मिळाली. बहुतेक तुमच्या नखापेक्षा फार मोठी नाहीत. एवढ्याशा दगडाने शिकार कशी होणार, असे वाटेल. पण ही हत्यारे एकेकटी वापरायची नसत. लाकडाच्या किंवा हाडाच्या खाचेत ती ओळीने बसवली की बाण किंवा सुरी तयार होई. एक पाते तुटले तर तेवढेच बदलायचे. सोबत दगड अंथरलेल्या जमिनी आणि हरीण, रानडुक्कर, शेळ्या-मेंढ्या यांची हाडे मिळाली.

इ.स.पू. २८०० च्या सुमारास मधला थर सुरू होतो आणि चित्र बदलते. सूक्ष्म हत्यारे कमी होतात, पण थांबत नाहीत. त्यांच्याबरोबर मातीची भांडी येतात. काही मृतांजवळही भांडी ठेवलेली आढळतात. आणि याच थरात तांब्याचे भाल्याचे टोक आणि बाणाग्रे मिळतात. काही बाणाग्रांच्या बुडाशी दोन बारीक भोके आहेत. अशी बाणाग्रे हडप्पा संस्कृतीच्या ठिकाणीही मिळतात.

आता नकाशा उघडा. बागोरच्या दक्षिणेला उदयपूर जिल्ह्यात बालाथल आहे, बनास नदीवर गिलुंड आहे. ही आहाड संस्कृतीची शेतकरी गावे. तेथे पक्की घरे होती, तांबे होते. उत्तरेला सीकर जिल्ह्यात गणेश्वर आहे, तेथे तांब्याची शेकडो बाणाग्रे सापडली. पश्चिमेला, दूर सिंधूच्या खोऱ्यात, मोहेंजोदडोसारखी नगरे होती. हे सगळे एकाच सहस्रकातले. म्हणजे बागोरचे लोक शेतकरी आणि नगरवासी यांचे पूर्वज नव्हते, शेजारी होते. त्यांना तांबे मिळाले ते या शेजाऱ्यांकडूनच, असे अभ्यासक मानतात.

बदल्यात त्यांनी काय दिले असेल? कातडी, मध, डिंक, मांस असा अंदाज करता येतो. पण या वस्तू मातीत कुजून जातात आणि तांबे टिकते. त्यामुळे उत्खननात एकाचे देणे दिसते, दुसऱ्याचे दिसत नाही. पुरावा वाचताना हे कायम ध्यानात ठेवा. जे सापडले नाही, ते नव्हतेच असे नसते.

गुजरातेतील लांघणजलाही असेच दिसते. हसमुख सांकळिया यांनी तेथे उत्खनन केले; इरावती कर्वे त्यांच्याबरोबर होत्या. समुद्रापासून दूर असलेल्या या शिकाऱ्यांच्या वस्तीत समुद्री शंखांचे मणी मिळाले आणि तांब्याची एक सुरीही.

मग दगडाची हत्यारे वापरणारे मागासलेले होते का? मला तसे वाटत नाही. तांब्याचे बाण हाती आल्यावरही त्यांनी दगडाची पाती सोडली नाहीत, कारण दगड जवळच मिळे आणि कामही चोख होई. नवे घेतले, पण उपयोगाचे जुने टाकले नाही.

त्या कॅडेटला मी वर्गासमोर बोलावले, फुली खोडली आणि गुण दिले. आता फळ्यावर एका रेघेऐवजी तीन-चार समांतर रेघा असतात : एक सिंधूची, एक मेवाडची, एक गुजरातची. सुट्टीत घरी गेलात की जवळचे संग्रहालय पाहा. पाटीवर नुसते ‘अश्मयुग’ लिहिलेले असेल, तर दोन प्रश्न विचारा : कुठले? आणि त्याच वेळी शेजारी कोण राहत होते?