घशात गेलेला गळ

गळाने मासे धरण्याचा ज्यांना छंद आहे, त्यांना ओठात गळ अडकलेला मासा सोडविण्याची कला थोड्याच सरावाने अवगत होते. परंतु आमिषासह गळ घशाखाली उतरला म्हणजे काय करावे, याविषयी काठावर नाना मते ऐकू येतात, आणि त्यांतले सर्वांत लोकप्रिय मत, की ‘द्या हिसका, मासा चिवट असतो’, हेच सर्वांत घातक होय.

याची प्रचीती मला मुळेच्या एका डोहावर आली. कर्नल साइक्स यांनी पुण्याजवळच्या मुळा-मुठेतील ज्या माशाचे शास्त्रीय वर्णन १८३९ साली प्रसिद्ध केले, तो महाशीर, म्हणजे आमची खडशी, एका सोबत्याच्या गळाला लागली होती. त्याने तंगूस मुठीला गुंडाळून हिसका दिला. गळ निघाला खरा, पण त्याच्या उलट्या काट्याला तांबड्या कल्ल्याची झालर चिकटून आली, आणि पाण्यात सोडलेली खडशी कुशीवर कलून रक्ताची रेघ ओढीत तळाशी गेली.

यात नवल काहीच नाही. माशाचे हृदय घशाच्या अगदी लगत, कल्ल्यांच्या मागे असते, आणि श्वासासाठी त्याचे रक्त कल्ल्यांच्या नाजूक तंतूंतूनच खेळते. तेथे ओरखडा उठला की रक्तस्राव आवरण्याचा उपाय आपल्या हाती उरत नाही. यास्तव गळाचा बाक डोळ्यांना दिसत नसेल, तर तंगूस शक्य तितका आतून कापावा आणि मासा सोडून द्यावा. खोल रुतलेला गळ उपटलेल्या माशांपेक्षा असे दोरा कापून सोडलेले मासे अधिक संख्येने जगतात, असे अनेक जातींवरील प्रयोगांत आढळले आहे. साधा लोखंडी गळ कालांतराने गंजतो, पुष्कळदा मासा तो टाकूनही देतो. न गंजणारे पोलादी गळ मात्र याच कारणास्तव वर्ज्य समजावेत.

बाक दिसत असेल, तर मासा पाण्यातच धरून, हात ओले करून, तंगूस सैल सोडावा आणि लांब चोचीच्या चिमट्याने बाक पकडून गळ ज्या वाटेने शिरला त्याच वाटेने मागे ढकलावा. कल्ल्यांत बोटे घालण्यास सक्त मज्जाव. आणि खडशीच्या जबड्यात दात नसले तरी घशात असतात, हेही ध्यानी असावे.

मुळात ही वेळच येऊ नये, अशी तजवीज करणे उत्तम. काठी रोवून गप्पांत रमणाऱ्याचा गळ मासा निवांतपणे गिळतो. म्हणून तंगूस ताणलेला ठेवावा, पहिल्या ओढीलाच हात उचलावा, आणि नव्या गळाचा उलटा काटा वापरण्यापूर्वीच पकडीने दाबून सपाट करावा. कात्री मात्र पिशवीच्या तळाशी नव्हे, गळ्यात दोरीने अडकवलेली असावी. कारण ती शोधण्यात वेळ गेला, की हिसका देण्याचा मोह भल्याभल्यांना आवरत नाही.