सासर परदेशी असेल तर

ब्रिटनमध्ये स्थायिक झालेल्या वराशी गावातील मुलीचा विवाह ठरला, की घरच्यांचे लक्ष विमानाच्या तिकिटाकडे लागते. वस्तुतः या प्रवासाचा आरंभ ग्रामपंचायतीच्या विवाहनोंदीपासून होतो. १९९८ च्या राज्य अधिनियमाखाली मिळणारा दाखला हा व्हिसाच्या अर्जाचा पहिला आधार होय. शाळेच्या दाखल्यात ‘लक्ष्मीबाई’, पारपत्रात ‘लक्ष्मी’ आणि विवाहनोंदीत सासरचे नवेच नाव, असे झाल्यास अर्जदाराच्या ओळखीविषयीच शंका निर्माण होते. म्हणून नोंद करतेवेळीच पारपत्र ताडून पाहावे. मराठी दाखल्यास प्रमाणित इंग्रजी भाषांतर जोडावे लागते. क्षयरोगाची तपासणी आणि सामान्यतः इंग्रजीची परीक्षाही द्यावी लागते.

उत्पन्नाची अट अधिक कठीण आहे. ११ एप्रिल २०२४ पासून नव्या अर्जांसाठी ही मर्यादा वार्षिक २९,००० पौंड झाली. वराकडील मंडळी पगाराचे आकडे तोंडी सांगतात. त्याचा लेखी पुरावा मागण्यात संकोच कसला?

भारतातून अर्ज केल्यास प्रथम ३३ महिन्यांचा व्हिसा मिळतो. या मुदतीत छळामुळे संसार मोडल्यास पत्नीला कायम वास्तव्यासाठी स्वतंत्र अर्ज करता येतो. ही तरतूद निघण्यापूर्वीच मुलीला समजावून द्यावी, आणि पारपत्र तिच्या स्वतःच्याच ताब्यात असावे.