शंका-समाधान : म्हातारपणीची नजर आणि ताटातली पालेभाजी

प्रश्न : आईचे वय ७२. तिच्या एका डोळ्यात मोतीबिंदू आहे. रोज गाजर, पालेभाजी खाल्ली तर तो विरघळेल का? घरचे म्हणतात, उन्हाळा जाऊ दे, पिकल्यावर ऑपरेशन करू.
(एक वाचक, कळंब)

उत्तर : नाही. मोतीबिंदू म्हणजे डोळ्यातले भिंग गढूळ होणे. ते भाजीने, रसाने किंवा थेंबांनी पुन्हा स्वच्छ होत नाही. मध, कांद्याचा रस डोळ्यात मुळीच घालू नका, इजा होते. ऑपरेशन हाच उपाय आहे आणि ते कोणत्याही ऋतूत करता येते. पिकण्याची वाटही पाहू नका. मोतीबिंदू अति पिकला तर डोळ्यातला दाब वाढून नजर कायमची जाऊ शकते. राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम १९७६ पासून चालू आहे. त्याअंतर्गत सरकारी रुग्णालयात हे ऑपरेशन मोफत होते. धाराशिवच्या जिल्हा रुग्णालयात चौकशी करा. आईला भाजी जरूर द्या, पण तिच्या भरवशावर ऑपरेशन लांबवू नका.

प्रश्न : वडिलांच्या डोळ्याचा पडदा वयामुळे झिजतोय. ल्युटीनच्या गोळ्या महाग पडतात. आहारातून भागणार नाही का?
(एक वाचक, उमरगा)

उत्तर : ल्युटीन आणि झियाझँथिन ही पिवळी द्रव्ये पडद्याच्या मधोमध साठतात आणि त्याला जपतात. शरीर ती तयार करत नाही, खाण्यातूनच मिळवावी लागतात. मेथी, पालक, शेपू, तांदुळजा, शेवग्याचा पाला आणि पिवळा मका यांत ती असतात. मात्र झीज मध्यम टप्प्याला गेली असेल तर गोळ्या बंद करू नका. अमेरिकेतल्या ‘एरेड्स’ या अभ्यासात (२००१) जीवनसत्त्वे व जस्ताच्या मोठ्या मात्रेने अशा रुग्णांत झीज गंभीर होण्याचा धोका पाच वर्षांत सुमारे २५ टक्क्यांनी कमी झाला. त्यातले ८० मिलिग्रॅम जस्त रोजच्या ताटातून मिळत नाही. झीज नुकती सुरू झाली असेल तर मात्र या गोळ्यांचा फायदा दिसलेला नाही. म्हणून टप्पा कोणता, हे डॉक्टरांना आधी विचारा. वडील बिडी ओढत असतील किंवा पूर्वी ओढत असतील, तर बीटा-कॅरोटीनच्या गोळ्या नकोत, फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. आणि बिडी आजच सुटली पाहिजे. तिनेही पडदा झिजतो.

प्रश्न : सासूबाईंना दात नाहीत. उन्हाळ्यात आमच्याकडे पालेभाजी मिळत नाही. काय द्यावे?
(एक वाचक, परंडा)

उत्तर : शेवगा कमी पाण्यावर तग धरतो. त्याचा कोवळा पाला तुरीच्या वरणात मऊ शिजवा आणि भाकरी त्यात कुस्करून द्या. कच्चे खाण्याचा हट्ट नको. शिजवल्यावर ही द्रव्ये सहज सुटतात आणि तेलाबरोबर अंगी लागतात. म्हणून वरून करडईच्या किंवा शेंगदाण्याच्या तेलाची चमचाभर फोडणी हवीच. हिवाळ्यात हरभऱ्याचा कोवळा पाला वाळवून ठेवता येतो, पण सावलीत. कडक उन्हात त्याचे सत्त्व कमी होते. तांबडा भोपळा आणि पिकलेला आंबा यांतून ‘अ’ जीवनसत्त्व मिळते. मधुमेह असेल तर आंबा बेतानेच. रक्त पातळ करणारी वॉरफेरिनची गोळी चालू असेल, तर पालेभाजीचे प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवा आणि ते रोज सारखेच ठेवा.

सर्वांना एक विनंती. साठीनंतर वर्षातून एकदा डोळे तपासून घ्या. मधुमेह असेल तर वय न पाहता. घरच्या वृद्धांना एकेक डोळा झाकून दाराची चौकट पाहायला सांगा. सरळ कड वाकडी दिसली, तर त्याच आठवड्यात त्यांना नेत्रतज्ज्ञांकडे न्या.