पळस्पे फाट्यापासून ट्रॅकच्या फाटकापर्यंत

स्पोर्ट्स कार ट्रॅक डेला न्यायची ठरली की पहिला प्रश्न टायरचा येतो, आणि त्याचं उत्तर बहुतेक जण ट्रॅकवरचा वेळ डोळ्यांपुढे ठेवून शोधतात. पनवेलजवळच्या शिरढोणला राहणाऱ्या माणसाला ते परवडत नाही. इथून मद्रासचा ट्रॅक साधारण साडेबाराशे किलोमीटर. गंमत अशी, की पळस्पे फाट्यावर राष्ट्रीय महामार्ग ४८ धरला की पुणे, कोल्हापूर, बेळगाव, हुबळी, बंगळुरू, वेल्लोर करत तोच महामार्ग तुम्हाला श्रीपेरुंबुदूरजवळच्या इरुंगट्टुकोट्टैला, ट्रॅकच्या फाटकाशी नेऊन सोडतो. पंधरा-वीस मिनिटांचे चार-पाच फेरे धरले तर दिवसभरात गाडी ट्रॅकवर फार तर शे-सव्वाशे किलोमीटर धावते. जाऊन-येऊन रस्ता मात्र अडीच हजारांचा. त्यातला कुठला ना कुठला तुकडा पावसात भिजलेला असतो.

माझ्याकडे सेकंडहँड पोर्श ७१८ केमन आहे. इंजिन मध्यावर, ताकद मागच्या चाकांना. पुढे २३५/४५ आर १८ आणि मागे २६५/४५ आर १८ असे वेगवेगळ्या मापाचे टायर. कंपनीने या गाडीसाठी मान्य केलेल्या टायरवर एन आणि पुढे एक आकडा छापलेला असतो. गाडी घेतली तेव्हा तसेच टायर होते आणि त्यांच्यावरच मी ट्रॅकवर उतरलो.

हा ट्रॅक ३.७ किलोमीटरचा, बारा वळणांचा, १९९० पासूनचा. फेरा घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने, त्यामुळे उजवी वळणं जास्त आणि सगळा भार डाव्या बाजूवर, त्यातही पुढच्या डाव्या चाकावर. दुपारच्या फेऱ्यानंतर पिटमध्ये खाली बसून त्या चाकावर हात फिरवला. मधली नक्षी जवळजवळ नवी होती. बाहेरच्या खांद्यावर मात्र रबराच्या काळ्या गोळ्या लोंबत होत्या, नखाने ओढल्या की सुटून येत होत्या. काही ठिकाणी नक्षीच्या ठोकळ्यांचे कोपरेच उडाले होते. पृष्ठभाग उन्हात ठेवलेल्या गुळासारखा चिकट झाला होता. घराकडच्या रस्त्यावर वर्षानुवर्षं टिकणारा टायर एका दिवसात असा होतो तेव्हा टायर वाईट असतो असं नाही. रस्त्याच्या टायरचे ठोकळे उंच असतात. वळणात ते आडवे कलतात, कलताना तापतात, आणि कंपाउंडला सोसवेल त्याहून जास्त तापले की फाटतात. म्हणूनच अर्धवट झिजलेला, चारेक मिलिमीटर नक्षी उरलेला रस्त्याचा टायर कोरड्या ट्रॅकवर नव्याकोऱ्यापेक्षा बरा चालतो. नवे टायर टाकून थेट ट्रॅकवर जाणं म्हणजे पैशांची नासाडी.

तिथून पुढची पायरी म्हणजे सेमी-स्लिक. मुंबईतल्या एका दुकानदाराने चार टायर दाखवले आणि छातीठोकपणे सांगितलं, ‘साहेब, पावसातही चालतात, रोड-लीगल आहेत.’ दुसरी गोष्ट खरी होती. पहिलीचा अनुभव मला कर्नाळ्याच्या खिंडीत आला.

जूनचा पहिला मोठा पाऊस झाला होता. अभयारण्याच्या वळणांवर डोंगराचं पाणी रस्त्यावर आडवं वाहत होतं. वेग साठच्या आसपास, मागे कंटेनर. एका वळणाच्या तोंडाशी स्टिअरिंग एकदम हलकं झालं, टॅकोमीटरचा काटा उसळला आणि डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा फडफडू लागला. मागची चाकं पाण्यावर तरंगत होती. ब्रेक न लावता अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय हळूच उचलला, स्टिअरिंग सरळ धरून ठेवलं. दोन-तीन गाड्यांच्या लांबीनंतर टायरने पुन्हा रस्ता पकडला. माझ्या पुढची साधी टॅक्सी त्याच पाण्यातून त्याच वेगाने निवांत गेली होती.

कारण साधं आहे. टायरखालचं पाणी बाहेर फेकायचं काम खाचा करतात. सेमी-स्लिकला खाचा कमी आणि उथळ असतात, कारण कोरड्यात जास्तीत जास्त रबर जमिनीला लागावं हाच त्याचा हेतू. टायर रुंद असला की बाजूला सारायचं पाणीही जास्त. शिवाय हे कंपाउंड ८०-९० अंशांच्या आसपास तापल्यावर खरी पकड देतं, आणि आपल्याकडच्या पावसात ते तेवढं तापतच नाही. कायद्याने कारच्या टायरवर किमान १.६ मिलिमीटर नक्षी लागते. सेमी-स्लिक नवा असताना त्या अटीत आरामात बसतो, दोन ट्रॅक डे झाले की काठावर येतो. समृद्धी महामार्गावर टायर फुटून झालेल्या अपघातांनंतर परिवहन खात्याने प्रवेशाच्या जागी टायर तपासायला सुरुवात केली, ती उगीच नाही.

दुकानात गेलात की नक्षीच्या देखणेपणावर जाऊ नका. टायरची बाजू वाचा. मापानंतर एक आकडा आणि एक अक्षर असतं: आकडा भाराचा, अक्षर वेगाचं. व्ही म्हणजे ताशी २४०, डब्ल्यू म्हणजे २७०, वाय म्हणजे ३००. कंपनीने दिलेल्या अक्षरापेक्षा खालचं घेऊ नका, दुकानदार कितीही ‘कोण एवढं पळवतंय’ म्हणाला तरी. आयात टायरवर पुढे ट्रेडवेअरचा आकडा मिळतो. ही अमेरिकेची पद्धत. टेक्सासमधल्या ठरलेल्या रस्त्यावर एका प्रमाण टायरच्या जोडीने हजारो किलोमीटर चालवून झीज मोजतात. ३०० च्या आसपासचा टायर म्हणजे रस्त्याचा चांगला स्पोर्टी टायर, २०० म्हणजे ट्रॅक आणि रस्ता दोन्हीकडे पाय ठेवणारा, १०० आणि खाली म्हणजे फक्त ट्रॅकसाठी समजावा. मात्र शेवटचा आकडा कंपनी स्वतः ठरवते. त्यामुळे एका कंपनीचा २०० आणि दुसरीचा २०० सारखेच असतील असं धरून चालू नका.

सगळ्यात महत्त्वाचे चार आकडे एका लंबगोलात असतात. ‘२३२३’ म्हणजे २०२३ चा तेविसावा आठवडा. हे टायरच्या एकाच बाजूला असतात, बसवताना ती बाजू आत गेली की दिसत नाहीत. माझ्या त्या चार सेमी-स्लिकपैकी पुढची जोडी एका सालची आणि मागची त्याच्या तीन वर्षं आधीची निघाली. कळलं ते गाडी लिफ्टवर चढवल्यावर. मऊ कंपाउंड नुसतं पडून राहिलं तरी कडक होतं. मागचे टायर पुढच्यांपेक्षा कडक असले की मध्यावर इंजिन असलेली गाडी वळणात शेपूट सोडते, आणि ती परत गोळा करायला फार कौशल्य लागतं. दुकानदाराने बदलून द्यायला नकार दिला. बिलावर तारीख लिहिलेली नव्हती.

हा घोळ आपल्याकडे जास्त होण्याचं कारण आहे. जून २०२० मध्ये केंद्र सरकारने नव्या टायरची आयात ‘मुक्त’ यादीतून ‘प्रतिबंधित’ यादीत टाकली. परवान्याशिवाय माल आणता येत नाही. त्याशिवाय आयएसआय चिन्ह लागतंच. सर्वसाधारण गाड्यांना याचा त्रास झाला नाही, देशी कंपन्या ती मापं उत्तम बनवतात. पण मोठ्या रिमची, पुढे-मागे वेगळी, मऊ कंपाउंडची मापं दुर्मिळ झाली, आणि दुर्मिळ मालात जुना साठा खपून जातो. म्हणून पैसे देण्याआधी चारही टायरच्या तारखेचे फोटो मागवा आणि तारखा बिलावर लिहून घ्या. नाही म्हणाला तर तिथून उठा.

शर्यतींतून उतरवलेले जुने स्लिकही कुणी ना कुणी स्वस्तात देऊ करतो. घेऊ नका. प्रत्येक वेळी तापून गार झालेलं रबर थोडं कडक होतं. संघाने ते काढून टाकलेत तेच त्या कारणाने. वर ते रस्त्यावर चालवणं बेकायदा.

मग घ्यावं काय? माझं मत स्पष्ट आहे. एकच संच ठेवायचा असेल तर ३०० च्या आसपासचा, ओल्या रस्त्यावर भरवशाचा, गाडीला मान्य असलेला टायर घ्या आणि ट्रॅकवर दोन सेकंद सोडून द्या. जानेवारी ते मे एवढ्यातच ट्रॅकवर जात असाल आणि पावसाळ्यात गाडी गॅरेजमध्येच राहत असेल तर २०० चा टायर चालेल. त्याखालचं काहीही घ्यायचं तर दुसरी रिम घ्या आणि टायर टेम्पोतून ट्रॅकवर पाठवा, किंवा गाडीच फ्लॅटबेडवर चढवा. खर्च ऐकून घाम फुटतो, मान्य. पण कर्नाळ्यात कंटेनरखाली जाण्याचा हिशेब कुठल्याच कोटेशनमध्ये धरलेला नसतो. विम्यावरही विसंबू नका. नेहमीच्या पॉलिसीत शर्यत आणि वेगाची चाचणी वगळलेली असते. नुसता टायर गेला तर काहीच मिळत नाही, आणि गाडीसोबत गेला तरी त्याच्या किमतीच्या निम्म्याहून जास्त नाही.

टायर कुठलाही असो, ट्रॅकवर त्याची खरी काळजी हवेत आहे. गार टायरमध्ये ३२ भरली की काही लॅपनंतर ती सहज ३८-४० होते, कारण तापमान पाच-सहा अंश चढलं की साधारण एक पीएसआय वाढतो. फुगलेला टायर मध्यावरच टेकतो आणि पकड जाते. म्हणून स्वतःचा चांगला गेज ठेवा, पिटमध्ये आल्या आल्या, टायर गरम असतानाच मोजा, आणि थोडी हवा सोडा. किती सोडायची ते खांदा सांगतो. टायरच्या कडेला लहान त्रिकोण असतात, त्यांच्यावरून बाजूच्या भिंतीपर्यंत खडूची रेघ ओढा. फेरा मारून आल्यावर खडू त्रिकोणापर्यंत पुसला गेला तर ठीक. त्याच्याही खाली पुसला गेला तर टायर लोळतोय, हवा कमी आहे. वर राहिला तर जास्त. अलाइनमेंटवाल्याला पुढच्या चाकांचा कॅम्बर गाडीला झेपेल तेवढा आत कलता ठेवायला सांगा. बाहेरचा खांदा वाचवणारी ही सगळ्यात स्वस्त गोष्ट.

आणि संध्याकाळी ट्रॅकमधून बाहेर पडताना हवा पुन्हा भरा. सकाळपर्यंत टायर गार होतो आणि दिवसा सोडून उरलेली हवा २५-२६ वर येऊन बसते. तशा टायरवर, मागे सामान भरून, वेल्लोर ते कृष्णगिरी एकशे वीसने गेलात तर बाजूची भिंत आतून शिजते. बाहेरून काही दिसत नाही, आणि तो टायर फुटतो तो पुढे कधीतरी, भलत्याच गावाजवळ. निघण्याआधी हात आत घालून टायरची आतली बाजूही चाचपा. कर्बवर चढून पडलेला फुगा तिथेच सापडतो.

घरी आल्यावर ट्रॅकचा संच धुऊन, कोरडा करून सावलीत ठेवा. कोकणातली दमट हवा रबराला फारशी छळत नाही. ऊन आणि ओझोन छळतात. म्हणून ओझोन तयार होऊ शकेल अशा जागी, म्हणजे इन्व्हर्टर किंवा पाण्याचा पंप असलेल्या खोलीत, टायर ठेवू नका.

नव्याने जाणाऱ्याला मी आणखी एक सांगतो. पहिले काही ट्रॅक डे आहेत त्याच टायरवर काढा, तारीख आणि नक्षी ठीक असेल तर. टायरचे वाचलेले पैसे ब्रेक फ्लुइड आणि चांगल्या पॅडवर घाला. पकड वाढली की वळणातून जास्त वेगाने बाहेर पडता येतं, आणि पुढच्या वळणाआधी तो वेग उतरवायचं ओझं ब्रेकवर पडतं. उकळलेल्या फ्लुइडने पेडल तळाला गेलं तर जगातला सर्वात महाग टायरही उपयोगाचा नाही. साधा टायर किंचाळून, घसरून आधी सूचना देतो. सेमी-स्लिक शेवटपर्यंत गप्प राहतो आणि सुटतो तेव्हा एकदम सुटतो. ती सूचना ऐकायला कान तयार झाले की मग टायर बदला, आणि बदलाल तेव्हा चारही एकदम, एकाच तारखेचे.